समुद्र बरा अहे, पण

पंचुमामांनी बंगालच्या उपसागराचा जवळजवळ सगळा किनारा नापास केला आहे.

हा अधिकार त्यांना कुणी दिला, ते विचारू नका. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर. जन्मभर कावेरीच्या कालव्यांवर उभे राहिले, पण पाणी गुडघ्याच्या वर येऊ लागलं की स्वतः बांधावर चढत आणि खालच्या माणसांना सूचना देत. त्यांच्या घरात सोमवारी आणि शनिवारी कांदासुद्धा शिजत नाही. अंड्याचा उल्लेख टाळता आला नाहीच, तर 'तें पांढरं' म्हणतात. असा हा गृहस्थ गेली काही वर्षं एकच गोष्ट ठरवतो आहे: खोल समुद्रात मासेमारीच्या सफरीला जायचं, तर कुठल्या बंदरावरून जायचं.

पूर्ण नाव पंचापकेशराव. तिरुवैयारुच्या देवाचं नाव आहे ते, पण ते उच्चारेपर्यंत माणूस समोरून निघून जातो, म्हणून सगळ्या गल्लीचे पंचुमामा. आमची गल्ली तंजावरच्या मेलवीधीच्या मागे. त्यांचं घर आमच्या समोर. संध्याकाळी मी कॉलेजच्या ऑफिसातून येऊन पायांवर पाणी घेते न घेते, तोच मामा आमच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसलेले असतात. अंगात बनियन, कमरेला लुंगीसारखं पांढरं वेष्टी, आणि डोक्यावर मानेवर झालर सोडलेली मासेमारांची हिरवी टोपी. ती त्यांच्या मुलानं ऑस्ट्रेलियाहून पाठवली आहे. ती घालूनच ते भाजी आणायला जातात, पेन्शनच्या कामाला जातात आणि एकदा एका बारशालाही गेले होते.

"काय गे गोदा, आलीस कां? कॉफी टाक. आज कन्याकुमारीचं पाहिलों."

पाहिलों म्हणजे फोनवर पाहिलं. मामा प्रत्यक्ष कुठेच जात नाहीत. तिरुच्चीपर्यंत बसनं गेले तरी त्यांना लिंबू हुंगावं लागतं.

"मग? कशी आहे कन्याकुमारी?"

"समुद्र बरा अहे," मामा म्हणाले. मी पेला पुढे केला, कारण यानंतर काय येतं ते मला पाठ आहे. "पण तीन-तीन समुद्र एकत्र येतात. उद्या गळाला मासा लागला, तर तो कोणत्या समुद्राचा मणून सांगायचा?"

कन्याकुमारी नापास.

रामेश्वर तर आधीच नापास झालं होतं. "माणूस तिथें पापं धुवायला जातो. आपण गळ घेऊन नवीन पाप काढायचं कां?" पुदुच्चेरी नापास, कारण तिथे लोक पाणी सोडून बाकी सगळं प्यायला जातात. तरंगंबाडीला ते बरेच दिवस अडले होते. किल्ला आहे, गर्दी नाही, किनारा स्वच्छ. शेवटी इतिहास मदतीला आला. डॅनिश लोक तिथे राहायचे आणि आमच्या राजांना भाडं द्यायचे, हे त्यांना कुठून तरी आठवलं. "भाडेकरूच्या दारांतून समुद्रात उतरायचं? मर्यादा मणून कांहीं अहे की नाहीं?"

मग मी म्हटलं, मल्लिपट्टणमला जा. तिथला मनोरा आपल्याच राजानं बांधलेला आहे, कोणी भाडेकरू नाही. मला वाटलं, आता सापडले. पण ते पाण्याच्या खात्यातले होते. "मनोरा आपला, गोदा. पण समुद्र उथळ अहे तिथला. त्याच्यापेक्षां माझा कालवा बरा."

तुम्हाला आमची मराठी जुनी आणि जरा वाकडी वाटेल. तीनशे वर्षांपूर्वी निघताना जी बरोबर आणली तीच वापरतो आम्ही, मधे मधे तमिळ लावून. तिच्यात कालव्याला शब्द आहेत, शेताला आहेत, आमटीला तर पुष्कळच आहेत. खोल समुद्राला फारसे नाहीत. तरी मामा त्याच मराठीत रोज समुद्रावर बोलत.

सफरीची तयारी मात्र पक्की होती. मुलानं टोपीबरोबर एक गळकाठीही पाठवली होती. चक्रीवाली, काळी, चकचकीत. ती झोपाळ्याच्या मागे छत्र्यांशेजारी उभी असे. रोज सकाळी मामा गच्चीवर जाऊन दोरीच्या टोकाला शिशाचं वजन बांधून फेकायचा सराव करत. गळाचा आकडा ते कधीच लावत नसत, हिंसा नको म्हणून. पण एका सकाळी जोराचा वारा होता, वजन भलतीकडे गेलं, आणि आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या ह्यांच्या वेष्टीभोवती दोरी गुंडाळली गेली. मी धावत वर गेले तर मामा पाय रोवून चक्री फिरवताहेत.

"मोठा अहे, गोदा! मोठा अहे!"

"मामा, सोडा ते! नवं वेष्टी आहे, जरीचं!"

"सोडायचंच असतं शेवटीं," मामा धापा टाकत म्हणाले. "आमचा विसू तसंच करतो. धरायचा, बघायचा, परत पाण्यांत सोडून द्यायचा. खायला नाहीं गे. भेटायला."

विसू म्हणजे मुलगा, विश्वनाथ. पर्थला असतो. बायको, एक मुलगी, आणि रविवारी कधीमधी मित्रांबरोबर बोट घेऊन खोल समुद्रात. मामांच्या डाव्या हातावर एक घड्याळ आहे, उजव्या हातावर दुसरं. उजवं पर्थचं. आमच्या गल्लीत गोट्या खेळता येतील इतका उजेड असला तरी मामा उजवं मनगट पाहून म्हणतात, "तिथें अंधार पडला." आणि तिकडे वारा सुटलेला असला की इथे त्यांना जेवण जात नाही.

मामी, म्हणजे अंबक्का, गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या होत्या तेव्हा घरातला फोन त्यांचा होता. विसूशी तासभर बोलत. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली, रसमात काय जास्त झालं. शेवटी फोन मामांकडे यायचा, दोन वाक्यांपुरता. "बरा अहेस कां? बरं, ठेव." त्या बापलेकांचं आयुष्यभराचं संभाषण अंबक्कांनीच केलं, असं म्हणायला हरकत नाही.

मी कॉलेजात परीक्षा विभाग सांभाळते. अर्धवट राहिलेलं काम दिसलं की माझे हात शिवशिवतात. रोज डोळ्यांसमोर एक माणूस टोपी घालून बसतो आणि सफरीला जात नाही, हे मला सहन होईना. माझ्या शेजारच्या टेबलावर आरोक्यमेरी बसते. ती तूत्तुकुडी बंदराची. तिचा भाऊ बोट चालवतो आणि हौशी लोकांना समुद्रात घेऊन जातो. मी तिच्याशी बोलले, आणि त्या संध्याकाळी तिण्णैवर मामांना समोर बसवलं.

"मामा, तूत्तुकुडी."

"समुद्र बरा अहे, पण मिठाचं गाव तें. मला रक्तदाब अहे."

"तुम्ही मीठ चाटायला जात नाही आहात. पुढे."

"बोटीवर मासे शिजवतात."

"तुमच्यासाठी वेगळ्या भांड्यात दहीभात. मेरीच्या वहिनीनं कबूल केलंय. पुढे."

"मला बस लागते, गोदा. बोट लागणार नाहीं कां?"

"गोळी मिळते. मी आणली आहे. ही बघा. पुढे."

मामांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. कारणं संपली होती. मला परीक्षेत कॉपी करणारा पकडल्यासारखं समाधान झालं. विसू डिसेंबरात येणार असं मामा दर वर्षी सांगत. तो आला की दोघांनी जायचं, तारीख नंतर कळवायची, मी बोट राखून ठेवते, असं मी म्हणाले.

"सेरि, बरं," मामा सावकाश म्हणाले. "पण पिल्लैयारला विचारायला पाहिजे."

पिल्लैयार म्हणजे आमचा गणपती. महाराष्ट्रात देवाला कौल लावतात म्हणे. आमच्याकडे फुलं बांधून पाहतात. केळीच्या पानाच्या दोन सारख्या पुड्या करायच्या. एकीत पांढरी तगर, दुसरीत लाल कण्हेर. दोन्ही देवापुढे ठेवायच्या आणि मनात प्रश्न धरायचा. मग एखाद्या लहान मुलाला एक उचलायला सांगायची. पांढरं निघालं तर होय, लाल निघालं तर नाही. आमच्या गल्लीतली लहान मुलं शाळेतून ट्यूशनला आणि ट्यूशनहून गाण्याच्या क्लासला जातात, ती देवाच्याही हाती लागत नाहीत. म्हणून पुडी उचलायचं काम मामांनी मला दिलं होतं. "तूं निरागस नाहींस, पण उपलब्ध अहेस."

ज्या बंदराला कारण सापडत नसे ते बंदर असं पिल्लैयारकडे जात असे. कारैकाल गेलं होतं, कडलूर गेलं होतं, पांबन गेलं होतं. तिन्ही वेळा मी लालच उचललं होतं. "तुझा हातच तसला," असं मामा म्हणत, पण रागानं नव्हे.

तूत्तुकुडीसाठी आम्ही शुक्रवारी गेलो. कोपऱ्यावरचं लहानसं देऊळ, एक पुजारी गुरुक्कळ, एक दिवा. मामांनी घरून बांधून आणलेल्या पुड्या पिल्लैयारपुढे ठेवल्या. मी या वेळी डोळे मिटून, देवाला जरा दरडावूनच, उजवीकडची उचलली. सोडली. लाल.

"बघ," मामा म्हणाले. "देवालाच नक्को." आणि टोपी काखेत धरून प्रदक्षिणेला गेले. चाल हलकी होती.

एका वर्गातल्या सगळ्या मुलांना सारखेच गुण पडले, की मी पेपर परत मागवते. ती सवय आहे माझी. मामा देवाच्या मागच्या बाजूला गेले तसा मी हात पुढे केला आणि दुसरी पुडी सोडली.

आतही लालच होतं.

मला राग आला. खोटं सांगू कशाला. मेरीच्या भावाला मी चार फोन केले होते, दहीभाताची व्यवस्था केली होती, गोळ्या आणल्या होत्या. आणि हा माणूस देवाला, आणि देवापेक्षाही मला, फसवत होता. मी ती पुडी पुन्हा गुंडाळून पर्समध्ये टाकली. तिथे काही बोलले नाही, कारण गुरुक्कळ गल्लीभर करतील. रविवारी सकाळी बोलायचं ठरवलं.

रविवारी पुडी हातात घेऊन मी त्यांच्या दारात गेले. दार उघडं होतं. मामा झोपाळ्यावर बसले होते, पाठ माझ्याकडे, डोक्यावर टोपी, फोन समोरच्या स्टुलावर. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा असतो. विसूचा फोन चालू होता.

"अप्पा, जेवला कां?"

"जेवलों. तूं?"

"हां, झालं. गोळ्या?"

"घेतलों."

झोपाळ्याची कडी वाजली. पलीकडे कुठेतरी नळ सोडलेला ऐकू येत होता.

"पाऊस अहे कां तिथें?" मामांनी विचारलं.

"नाही. तिथे?"

"नाहीं."

पुन्हा कडी वाजली. मला वाटलं, आता फोन ठेवतील. मी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकलाही.

तेवढ्यात विसू म्हणाला, "बरं, अप्पा, तूत्तुकुडीचं काय झालं?"

आणि मामा ताठ बसले. एवढा वेळ झोपाळ्यावर नुसतं एक वेष्टी ठेवलेलं होतं, आता त्यात माणूस आला.

"तेंच सांगतों. ऐक. समुद्र बरा अहे, पण फुलं बांधून पाहिलों. लाल आलं!"

"अय्यो! पुन्हा?" विसू मोठ्यानं हसला. "तो पिल्लैयार आपल्याला जाऊ देत नाही की काय?"

"आपली समोरची गोदा अहे की नाहीं, तिचा हात तसला."

त्यानंतर ते बोलत राहिले. बोटीचं इंजिन कसं असावं. सुरमई वरच्या पाण्यात येते की खालच्या. गेल्या रविवारी विसूच्या मित्राच्या गळाला काय लागलं आणि कसं निसटलं. मधेच नातीचा आवाज आला. ती इंग्रजीत म्हणाली, ताता, तिथे शार्क असतात का? मामांनी मराठीत सांगितलं की असतात, पण ते सोमवारी आणि शनिवारी कांदा खात नाहीत, आपल्यातलेच आहेत. ती हसली. तिला समजलं होतं. विसूची मराठी सुरुवातीला अडखळत होती, ती मासे जसजसे मोठे होत गेले तसतशी सैल झाली. अंबक्का बोलत तशी.

"आठवतं कां अप्पा," तो म्हणाला, "मी लहान असताना वेळांगण्णीला गेलो होतो आपण. मला त्या कट्टुमर होडीत बसायचं होतं. तुम्ही गुडघ्याच्या पुढे जाऊच दिलं नाही. माझा हात असा धरून ठेवला होता, लाल झाला होता."

मामांनी स्टूल जरा जवळ ओढलं.

"तेव्हां काय ठाऊक, तूं एवढ्या पाण्यापलीकडे जाशील मणून."

"अप्पा."

"हं."

"या डिसेंबरला जमेलसं दिसत नाही. हिची सुट्टी नाही, मुलीची शाळा... पुढच्या वर्षी नक्की. तोपर्यंत तुम्ही जागा ठरवून ठेवा. जागा पक्की झाली की लगेच निघू."

"घाई नक्को," मामा म्हणाले. आवाज अगदी सरळ होता, कालव्याचं दार किती उघडायचं ते सांगावं तसा. "जागा बरी मिळायला पाहिजे. मी बघतों. पुढच्या रविवारीं सांगतों."

फोन बंद झाला. मामांनी उजव्या हातावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं आणि त्याला किल्ली दिली. मग मी दिसले.

"काय गे गोदा? केव्हां आलीस? हातांत काय तें?"

केळीचं पान दोन दिवसांत काळं पडलं होतं. मामांनी ते ओळखलं, हे त्यांच्या तोंडावरून कळलं. मी काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते, मुद्दे काढून. त्यातला एकही मुद्दा आता कामाचा नव्हता. बंदर ठरलं असतं, तर तारीख विचारावी लागली असती. तारीख विचारली असती, तर एका बाजूनं 'नाही' म्हणावं लागलं असतं. आणि पुढच्या रविवारी, जेवला कां, गोळ्या, पाऊस, यांच्यानंतर काय?

"प्रसाद," मी म्हटलं. "देवळात राहिला होता."

मामांनी पुडी घेतली, न सोडता कपाळाला लावली आणि झोपाळ्यावर शेजारी ठेवली. अंबक्का बसत त्या बाजूला.

"कॉफी पितेस कां?"

त्यांची कॉफी पाण्यासारखी असते. प्याले.

सोमवारी मेरीला सांगितलं, आमच्या देवानं परवानगी दिली नाही. ती म्हणाली, "अक्का, आमच्या मातेला विचारून पाहू का? ती देईल." मी म्हटलं, नको, तिनं दिली तर पंचाईत होईल.

त्या संध्याकाळी मामा तिण्णैवर आले, पण नुसतेच बसले. टोपी गुडघ्यावर. बंगालच्या उपसागराचं काम संपत आलं होतं, हे मलाही दिसत होतं. मी पेला पुढे केला आणि फोनवर नकाशा काढला.

"मामा, तुम्ही एकच बाजू पाहिलीत. कोंकण राहिलंच की. आपण ज्या मुलखातून आलो त्याच्या पलीकडे अख्खा समुद्र आहे. मालवण, वेंगुर्ला, देवगड, रत्नागिरी..."

मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "अडडा. एवढीं बंदरं?"

"वर गुजरातही आहे."

"गुजराती माणूस शाकाहारी असतो," मामा विचार करत म्हणाले. "तिथले मासे निश्चिंत असतील." मग बराच वेळ ते बोट नकाशावरून खाली-वर फिरवत राहिले. "मालवणचा समुद्र बरा दिसतो."

मी थांबले. पण 'पण' आलं नाही. मालवणला खरंच कारण सापडेना. किल्ला आहे, तोही आपल्याच राजाचा. पाणी खोल. भाडेकरू नाही. दोन दिवस मामांनी शोधलं. गुरुवारी ते दारात आले, आत आले नाहीत.

"उद्या पिल्लैयारला विचारायचं अहे. गुडघा दुखतो माझा. पुड्या तूंच बांधून आण." आणि जायला वळून, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुला योग्य वाटेल तसं बांध. मला विचारूं नक्को."

शुक्रवारी ऑफिसातून येताना कोपऱ्यावरच्या फुलवालीपुढे उभी राहिले. टोपलीत दोन्ही होती, पांढरी तगर ताजी, भरघोस. बाईनं केळीच्या पानाचे दोन तुकडे फाडले आणि सवयीनं एकात तगर ठेवू लागली. पूजेची वेळ, तिलाही घाई होती. समोर देवळाच्या पायरीवर मामा हिरवी टोपी घालून बसलेले दिसत होते. उजवं मनगट डोळ्यांजवळ नेऊन पाहत होते.

"ते काढ," मी म्हटलं. "दोन्हींत लाल."